शाळेचा पट ३७, आणि आमच्या आळीतलं एकही मूल नाही

पत्र थोडक्यात: तालुक्याच्या गावाला लागून असलेल्या एका वाढत्या गावातून एका ताईंनी लिहिलंय. मुलगी येत्या जूनमध्ये पहिलीत जाणार. घरापासून चालत पाच मिनिटांवर जिल्हा परिषदेची शाळा आहे, पहिली ते चौथी, दोन शिक्षिका, पट ३७ (मॅडमनी सांगितलेला हिशोब असा: पहिलीत ८, दुसरीत ११, तिसरीत ७, चौथीत ११). ताईंचे मिस्टर याच शाळेत शिकले, तेव्हा पट दीडशेच्या वर होता. आता आळीतलं एकही मूल तिथं जात नाही. आहेत ती बरीचशी मुलं वीटभट्टीवरच्या आणि बांधकामावरच्या मजुरांची, त्यातली काही घरी हिंदी-भोजपुरी बोलणारी, आणि बाकीची जवळच्या आदिवासी वस्तीवरची. दुसरा पर्याय ११ किलोमीटरवरची खासगी इंग्रजी शाळा. व्हॅन सकाळी पावणेसातला दारात येते, जावेची दोन्ही मुलं तिथंच आहेत आणि त्यांच्या वर्गात ४८ मुलं आहेत. सासूबाई म्हणतात, "तसल्या पोरांत आपली पोर बसवायची का?" मिस्टर म्हणतात, तू ठरव. झेडपीच्या मॅडम घरी येऊन गेल्या, मुलीशी खाली बसून गप्पा मारल्या, ताईंना त्या आवडल्या, आणि तेव्हापासून ताईंची झोप उडालीय. एवढा कमी पट म्हणजे काहीतरी खोट असणारच ना, मुलीला कोण मैत्रिणी मिळणार, शाळा मध्येच बंद पडली तर काय, आणि शेवटी "मी माझ्या हौसेपायी मुलीचं नुकसान तर करत नाहीये ना?" असे त्यांचे प्रश्न आहेत.

ताई,

तुमचं पत्र वाचताना एक गोष्ट लगेच जाणवली. पट किती ते आहे, मुलं कुठली ते आहे, आळीतलं कोण कुठं जातं ते आहे, व्हॅनची वेळसुद्धा आहे, पण दोन्ही शाळांमध्ये वर्गात काय चालतं याबद्दल जवळजवळ काहीच नाही. फक्त एक ओळ आहे, की मॅडम खाली बसून मुलीशी बोलल्या आणि एरवी पाहुण्यांसमोर तोंड न उघडणारी तुमची मुलगी त्यांना तिच्या सगळ्या बाहुल्यांची नावं सांगत बसली. मला विचाराल तर अख्ख्या पत्रातली सगळ्यात कामाची माहिती तीच आहे, आणि बाकीचं सगळं वाचून झाल्यावर तुम्ही परत तिच्याकडे या असं मी सुचवीन.

आधी पटाचं बघू. कमी पट म्हणजे शाळेत खोट, हे आपल्या सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलंय. पण तुमच्या मिस्टरांच्या वेळचे दीडशे आणि आजचे ३७ यांच्यामध्ये काय काय झालं ते बघा ना. एक तर मुलंच कमी जन्माला येतायत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्राचा जननदर १.७ निघाला, म्हणजे एका बाईमागे सरासरी दोन मुलंसुद्धा नाहीत. तुमच्या सासूबाईंना भावंडं किती आणि तुमच्या मुलीला चुलत धरून किती, एवढं मोजलंत तरी कळेल. दुसरं म्हणजे स्वयंअर्थसहाय्यित, म्हणजे सरकारी अनुदान न घेता स्वतःच्या पैशावर चालणाऱ्या शाळांचा कायदा २०१२ चा, त्यानंतर अशा शाळा झपाट्यानं वाढल्या आणि त्यांच्या पिवळ्या व्हॅन गावोगाव फिरायला लागल्या. एका घरातलं मूल व्हॅनमध्ये बसलं की शेजारच्या घराला वाटतं आपणच मागे राहतोय, आणि चार-पाच वर्षांत अख्खी आळी रिकामी होते. यातल्या कितीजणांनी शाळेत जाऊन, वर्गात बसून, शिकवणं वाईट आहे असं ठरवून मूल काढलं? विचारून बघा, जावेलाच विचारा. बहुतेक ठिकाणी उत्तर "सगळे जात होते म्हणून" असंच येतं. तेव्हा ३७ हा आकडा तुम्हाला आळीनं काय केलं ते सांगतो, मॅडम कशा शिकवतात ते त्यातून कळत नाही, ना चांगलं ना वाईट.

आणि हे तुमच्याच गावात घडतंय असं नाही. गावोगावच्या मुलांची आणि शाळांची पाहणी करणाऱ्या असर अहवालात, २०२४ च्या, देशाच्या ग्रामीण भागातल्या निम्म्याहून जास्त सरकारी प्राथमिक शाळांचा पट ६० पेक्षा कमी होता. छोटी शाळा आता नेहमीचीच गोष्ट झालीय, आपली नजर अजून दीडशेवर अडकलीय एवढंच.

उलट बाजूनंही जरा बघा. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक लागतात. तुमच्या शाळेत ३७ ला दोन आहेत, म्हणजे एका मॅडमकडे अठरा-एकोणीस मुलं. जावेच्या मुलांच्या वर्गात ४८. आता लगेच "बघा, झेडपीच भारी" असं मी म्हणणार नाही, कारण त्या अठरा-एकोणीस मुलांमध्ये दोन इयत्ता असतात आणि मॅडमना एकाच वेळी दोन्ही सांभाळाव्या लागतात. हे अवघड काम आहे. नीट जमलं तर फार सुंदर होतं, पहिलीतलं मूल दुसरीचं ऐकता ऐकता पुढचं उचलतं, दुसरीतलं मूल पहिलीच्याला शिकवताना स्वतःचं पक्कं करतं. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमधल्या (बीट म्हणजे आसपासच्या शाळांचा गट) झेडपी शाळांनी ज्ञानरचनावादी पद्धतीनं, म्हणजे मुलांनी स्वतः करून बघत शिकायचं अशा रीतीनं, गटात बसून, जमिनीवर आखलेल्या तक्त्यांवर मुलांना शिकतं केलं आणि ते बघायला राज्यभरातून शिक्षक तिकडे जायचे. पण जमलं नाही तर काय होतं? एका इयत्तेला फळ्यावरचं उतरवायला लावतात आणि दुसरीला शिकवतात, आणि उतरवणाऱ्या मुलांचा अर्धा दिवस वाया जातो. यातलं तुमच्या शाळेत कुठलं चालतं हे पटावरून कळत नाही, तिथं जाऊन बसावंच लागतं.

आता मुलांच्या विषयावर येते, आणि इथं थोडं स्पष्ट बोलते, रागावू नका. तुम्ही पत्रात जात कुठंच लिहिली नाहीत. पण सासूबाईंच्या वाक्यात ती आहे, आणि तुम्ही ते वाक्य जसंच्या तसं लिहून पाठवलंत, त्यावर पुढे काहीच म्हटलं नाहीत, त्यावरून मला वाटतं ते तुम्हालाही टोचलंय आणि थोडं पटलंयसुद्धा. दोन्ही एकदम असू शकतं. म्हणून मी सुचवते, की "तसली मुलं" हा गठ्ठा सोडा आणि नेमकी भीती कशाची ते वेगवेगळं करून बघा. मुलगी शिव्या शिकेल? अभ्यासात मागे पडेल? तिची भाषा बिघडेल? आजारी पडेल? की आळीत, हळदी-कुंकवाला, जावेसमोर तुम्हाला खाली बघायला लागेल? यातली प्रत्येक भीती वेगळी आहे आणि प्रत्येकीचं उत्तरही वेगळं आहे.

शेवटची आधी घेते कारण बहुतेक वेळा तीच सगळ्यात मोठी असते. ती खरी आहे, एकत्र कुटुंबात राहणाऱ्या बाईनं ती हलक्यात घ्यावी असं मी कधीच म्हणणार नाही. पण ती तुमची आहे, मुलीची नाही. सहा वर्षांच्या पोरीला आळीतल्या इभ्रतीशी काही देणंघेणं नसतं. तेव्हा ती भीती मुलीच्या नुकसानीच्या खात्यात टाकू नका, तुमच्या स्वतःच्या खात्यात मांडा आणि मग ठरवा की ती तुम्हाला झेपणारी आहे का. नसेल झेपणारी तर तसं स्वतःशी कबूल करून खासगी शाळेत घातलं तरी चालेल, निदान त्या मुलांवर दोष ढकलून तरी जाणार नाही.

अभ्यासाच्या भीतीचं म्हणाल तर सोबतच्या मुलांचा परिणाम होतो, नक्की होतो. पण तो कसा होतो ते जरा उलगडून बघायला हवं. ज्या वर्गात बहुतेकांच्या घरी शिकवणारं कोणी नाही, तिथल्या चांगल्या शिक्षिकेला माहीत असतं की जे काय शिकवायचं ते इथंच, घरी कोणी करून घेणार नाही. ती वर्गातच पक्कं करून घेते. ज्या शाळेत सगळ्यांना शिकवणी आहे किंवा आई घेऊन बसते असं धरून चालतात, तिथं अर्धं शिकवणं गृहपाठाच्या वहीतून घरी येतं. तुम्ही स्वतः मराठीतून बीए केलंय, मिस्टरांचं आयटीआय झालंय, पहिली-दुसरीचा इंग्रजीतला परिसर अभ्यास रोज संध्याकाळी तुम्ही घेणार की शिकवणी लावणार? शिकवणीची फी खासगीच्या फीमध्ये धरलीत का? आणि मराठीतलं पुस्तक असेल तर तुम्ही स्वयंपाक करता करता तिचं ऐकू शकता, चूक पकडू शकता, तिला गोष्ट वाचून दाखवू शकता. मूल ज्या भाषेत घरी बोलतं त्या भाषेत शिकलं तर समजून शिकतं, शिक्षण हक्क कायद्यातसुद्धा शक्य तिथं मातृभाषेतून शिकवावं असं म्हटलंय. इंग्रजी येणार नाही असंही नाही, झेडपी शाळांत २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी विषय आहे, पुढे पाचवीला सेमी इंग्रजीला जाता येतं. इंग्रजी चांगली यावी ही इच्छा अगदी रास्त आहे, पण त्यासाठी सहाव्या वर्षी सगळंच इंग्रजीतून शिकायला हवं असं नसतं.

मात्र तुमची मुलगी चुणचुणीत आहे, तिला वाचायला येऊ लागलंय असं तुम्ही लिहिलंय, तर मॅडमना हे सरळ विचारा: "ज्या मुलांचं लवकर होतं त्यांना तुम्ही काय देता?" उत्तर "शांत बसायला सांगते" असेल तर ती खरी अडचण आहे. "मग ती दुसरीच्या गटात जाऊन बसतात" किंवा "त्यांना पुस्तकपेटी उघडून देते" असं काही असेल तर तुम्हाला काळजीचं कारण नाही.

भाषेबद्दल: भोजपुरी बोलणारी दोन-चार मुलं वर्गात असल्यानं तुमच्या मुलीची मराठी बिघडणार नाही, खेळता खेळता तीच मुलं मराठी शिकतील आणि तुमची मुलगी चार शब्द हिंदी शिकेल. शिव्यांबद्दल: त्या व्हॅनमध्येही असतात, त्यावर घरातलंच बोलणं चालतं.

मैत्रिणींचा प्रश्न मात्र मला तुमच्या सगळ्या प्रश्नांमध्ये खरा वाटतो आणि तो कोणी नीट विचारत नाही. तुम्ही लिहिलंय की नव्या पहिलीत मॅडमकडे सध्या सात नावं आहेत आणि त्यात मुली दोनच. म्हणजे तुमची धरून आठ मुलं, तीन मुली. त्या दोघींपैकी एकीशी जमलं नाही तर? शिवाय ३७ हा आकडा कुठल्या महिन्यातला ते जरूर विचारा. वीटभट्ट्या पावसाळा संपल्यावर पेटतात आणि पुढच्या पावसाआधी बंद होतात, त्यामुळे भट्टीवरची मुलं साधारण दिवाळीनंतर येतात आणि उन्हाळ्यात निघून जातात. तुमच्या मुलीची जिवलग मैत्रीण झालेली पोरगी मे महिन्यात एक दिवस सामानासकट टेम्पोत बसून जाईल आणि परत येईलच असं नाही. हे मुलांना लागतं, आणि याची तयारी तुम्ही ठेवायला हवी. पण याला उपायही आहे. छोट्या शाळेत मैत्री इयत्तेत अडकत नाही, दुसरीतल्या ताया पहिलीतल्या पोरींना कडेवर घेऊन फिरतात. आणि आळीतल्या मैत्रिणी संध्याकाळी अंगणात आहेतच, त्या काही कुठं जात नाहीत. व्हॅननं चार वाजता थकून येणाऱ्या मुलींपेक्षा तुमच्या मुलीला त्यांच्याशी खेळायला जास्त वेळ असेल.

एक गोष्ट मात्र आतापासूनच ठरवून ठेवा. तिला घातलंत तर शाळेचा पोषण आहार तिनं सगळ्यांबरोबर, त्याच ओळीत बसून खायचा. घरच्यांच्या आग्रहापायी वेगळा डबा, वेगळी पाण्याची बाटली, कोपऱ्यात वेगळं बसणं असं सुरू झालं तर ती त्या शाळेत रोज पाहुणी म्हणून जाईल आणि मैत्री मुळीच होणार नाही. आहार कसा असतो याची शंका असेल तर एक दिवस तुम्ही जाऊन चव घ्या. सासूबाईंना घेऊन गेलात तर आणखी चांगलं.

आता शाळा बंद पडण्याचं. ही भीती हवेतली नाही. २०२३ मध्ये २० पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायचा विषय निघाला, तेव्हा राज्यात अशा सुमारे १५ हजार शाळा असल्याचं समोर आलं आणि त्यावर बराच विरोधही झाला. पुढे १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयानं संचमान्यतेचे निकष बदलले, त्यावरही शिक्षक संघटना नाराज झाल्या. संचमान्यता म्हणजे किती पटाला किती शिक्षक ते दरवर्षी ठरतं, आणि त्यासाठी ३० सप्टेंबरचा पट धरतात. आता वर सांगितलेलं भट्टीचं गणित आठवा, सप्टेंबरमध्ये ती मुलं नसतात! म्हणून मॅडमना विचारायचा आकडा तो, ३० सप्टेंबरला पट किती होता.

तो ३७ च असेल असं धरून एक साधा हिशोब करू. तुमची मुलगी चौथीत पोचेल तेव्हा आज शाळेत असलेली सगळी मुलं बाहेर पडलेली असतील. तेव्हाचा पट म्हणजे तिच्या वर्गातली आठ आणि पुढच्या तीन वर्षांत पहिलीत येतील ती. दरवर्षी पाच आली तर २३, सहा आली तर २६. म्हणजे वीसच्या वरच, पण फार वर नाही. दरवर्षी तीनच आली तर १७. तेव्हा मॅडमना विचारायचं ते असं, की अंगणवाडीत सध्या किती मुलं आहेत, वस्तीवरची किती, त्यातली किती इथं येतील. अंगणवाडी सेविकेला ते तोंडपाठ असतं. हा आकडा मिळाला की रात्रीची अर्धी काळजी कमी होईल, किंवा निदान ती खरी आहे ते तरी कळेल. आणि सगळं वाईटातलं वाईट झालं तरी पहिली ते पाचवीची सोय घरापासून एक किलोमीटरच्या आत असली पाहिजे, नसेल तिथं येण्या-जाण्याची व्यवस्था केली पाहिजे, असं राज्याच्या नियमांत आहे. मुलगी रस्त्यावर येत नाही.

बंद पडण्यापेक्षा मला जास्त काळजी वाटते ती दोनाची एक शिक्षिका होण्याची. एक मॅडम बदलून गेल्या आणि जागा रिकामी राहिली, किंवा एक प्रशिक्षणाला आणि बीएलओच्या, म्हणजे मतदार यादीच्या कामाला गेल्या, की दुसऱ्या मॅडमकडे चारही इयत्ता, वर पोषण आहाराचा हिशोब आणि ऑनलाइन माहिती भरणं. अशा दिवशी शिकवणं होत नाही, कुणाकडूनच होणार नाही. म्हणून हेही विचारा: गेल्या महिन्यात किती दिवस एकच शिक्षिका होती? दोघींपैकी कुणाची बदली येऊ घातलीय का? चांगल्या मॅडम प्रामाणिकपणे सांगतील, त्यांनाही त्याचाच त्रास असतो.

एवढं सगळं म्हणजे एक पूर्ण सकाळ काढून साध्या दिवशी जा, प्रवेशोत्सवाच्या किंवा झेंडावंदनाच्या दिवशी नको. परीक्षा संपून सुट्टी लागायच्या आधी जाता आलं तर उत्तम. पहिली-दुसरीच्या वर्गात मागे बसा. तक्ते, रंगवलेल्या भिंती, संगणक हे बघू नका, ते कुठल्याही शाळेत दिसतं. बघायचं ते हे, की मुलं बोलतायत का, चुकलं तर मॅडम काय करतात, भट्टीवरचं मूल आणि वस्तीवरचं मूल प्रश्न विचारतं का की गप्प मागे बसतं. सगळ्यात गरीब, सगळ्यात नव्या मुलाशी शिक्षिका कशी वागते ते बघितलं की तुमच्या मुलीशी ती आजारपणात, रडण्यात, चुकण्यात कशी वागेल याचा अंदाज येतो. दुसरीतल्या एखाद्या मुलाला पुस्तकातलं कुठलंही पान वाचायला सांगा, पाठ असलेलं नको. स्वच्छतागृहात पाणी आहे का ते स्वतः आत जाऊन बघा, मुलींसाठी हे फार महत्त्वाचं असतं. यू-डायस प्लस या शाळांच्या माहितीच्या सरकारी संकेतस्थळावर शाळेच्या नावानं किंवा ११ अंकी यू-डायस क्रमांकानं शोधलं तर शिक्षक, खोल्या, सोयी यांची माहितीही मिळते, जाण्याआधी ती नजरेखालून घाला.

आणि हीच सकाळ खासगी शाळेतही घालवा. तेच प्रश्न तिथं विचारा. वर्गात बसू देत नसतील तर तीही एक माहितीच झाली. शिक्षिका किती वर्षं टिकतात, पहिलीच्या मॅडमचं शिक्षण काय, आणि व्हॅनला प्रत्यक्ष किती वेळ लागतो. ११ किलोमीटर कागदावर, पण सगळी गावं घेत जाणारी व्हॅन, पावणेसातला बसायचं म्हणजे मूल पावणेसहाला उठणार, थंडीत, पावसात. ती शाळा खरंच चांगली निघाली, शिकवणं चांगलं, मुलगी तिथं खुलली, तर तिला तिथं घाला आणि मनात काही ठेवू नका.

हे मी मुद्दाम सांगतेय, कारण तुमच्या पत्रात "शाळा वाचली पाहिजे असंही वाटतं" असं एक वाक्य आहे. वाटणं चांगलं आहे, मलाही तसंच वाटतं, अगदी मनापासून. पण शाळा वाचवणं हे सहा वर्षांच्या मुलीचं काम नाही. ती तिथं जाईल ते तिला तिथं शिकायला मिळतं म्हणून. पुणे जिल्ह्यात खेड तालुक्यातली जालिंदरनगरची झेडपी शाळा २०२५ मध्ये जगातल्या सर्वोत्तम शाळांच्या स्पर्धेत आपल्या गटात पहिल्या दहांत आली, तिथल्या गावानं शिक्षकांबरोबर उभं राहून ते केलं. अशा बातम्या वाचून हुरूप येतो, पण म्हणून आपलीही शाळा तशी होईलच या भरवशावर मुलीला घालू नका. आज ती जशी आहे तशी पटते का, एवढंच विचारा.

पटली तर मग एकट्या जाऊ नका. तुमच्या आळीत किंवा पलीकडच्या गल्लीत व्हॅनच्या फीनं जेरीला आलेली, पण पहिलं पाऊल कोण टाकणार म्हणून थांबलेली दोन-तीन घरं नक्की असणार. त्यांना घेऊन शाळा बघायला जा. दोन मुली जरी बरोबर आल्या तरी तुमचा मैत्रिणींचा प्रश्न आणि मॅडमचा पटाचा प्रश्न दोन्ही बरेच सुटतात. नंतर शाळा व्यवस्थापन समितीत या. त्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या बायका असाव्या लागतात, आणि वंचित घटकांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा असतात. शाळेचा विकास आराखडा हीच समिती करते. फक्त एक सांभाळा. आळीतली शिकलेली बाई समितीत आली की आपोआप सगळं तिच्या हातात जातं आणि वस्तीवरच्या, भट्टीवरच्या बायका गप्प होतात. बैठक त्यांच्या कामाच्या वेळेत ठेवू नका, आणि त्यांच्या मुलांबद्दल त्या काय म्हणतात ते आधी ऐका. शाळा आज त्यांच्या मुलांमुळे उभी आहे.

हे पत्र वाचणारे आणखीही लोक असतील, त्यांच्यासाठी दोन गोष्टी. तुमच्या इथली शाळा एकशिक्षकी झालीय आणि दुसरी जागा भरलीच जात नाहीये, तर समितीचा ठराव करून केंद्रप्रमुख आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांना लेखी द्या, तोंडी सांगितलेलं कुठं राहत नाही. आणि कामासाठी गाव सोडणाऱ्या पालकांनी हे लक्षात ठेवा की दाखला नाही, जन्माचा पुरावा नाही किंवा वर्ष अर्धं झालंय म्हणून कुठलीही सरकारी शाळा मुलाला प्रवेश नाकारू शकत नाही, कायद्यात तसं स्पष्ट आहे. निघताना गावच्या शाळेतून शिक्षण हमी कार्ड घेऊन निघा, नव्या शाळेत ते दाखवलं की मूल लगेच वर्गात बसतं.

ताई, निर्णय कुठलाही घेतलात तरी तो जन्माचा नाही. झेडपीत घातलंत तर दिवाळीपर्यंत बघा, मुलगी शाळेत जायला खुशीत आहे का, साधे शब्द वाचतेय का, मॅडम किती दिवस वर्गात होत्या. नाही पटलं तर दुसऱ्या सरकारी किंवा अनुदानित शाळेत दाखला घेऊन जाणं हा तिचा हक्क आहे. खासगीत मात्र वर्षाच्या मध्ये जागा आणि फी दोन्हीचा प्रश्न येतो, म्हणून तिथली फी आत्ता भरणार असाल तर त्याआधी प्रवेश रद्द केल्यास किती परत मिळते ते लेखी घ्या, आणि झेडपीच्या मॅडमना हो किंवा नाही जे असेल ते जूनच्या आधी कळवा, त्या पहिलीची यादी धरून बसल्या असतील.

तुमची,
सल्ला सदरवाली ताई